सांगायचं की नाही? कुणाला आणि किती?

(प्रभागसंघाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मासिक बैठकीत लोहारा येथे क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. काढणीमुळे बैठकीला येऊ न शकलेल्या ताईंसाठी इथे छापत आहोत.)



रानात माल पडून आहे, आभाळाचा भरवसा नाही, तरी तुम्ही आलात. त्यामुळे मी फार लांबण लावत नाही. पण विषय असा आहे की घाईनं उरकताही येत नाही.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. यंदाचा त्याचा विषय आहे, कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य. हे मी सांगितलं तेव्हा आपल्यातल्याच एक ताई म्हणाल्या, "हे आफिसातल्या लोकांचं झालं. आपल्याला कुठलं आलंय कामाचं ठिकाण?"

ताई, आपल्याला आहे. अंगणवाडी सेविकेला अंगणवाडी आहे. आशाताईला अख्खं गाव आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईला शाळेतली स्वयंपाकाची खोली आहे. टोळीनं काढणीला जाणारीला दुसऱ्याचं वावर आहे, ऊसतोडीला जाणारीला फड आहे. मशीनवर ब्लाउज शिवणारीला तिच्या घराचा ओटा आहे. आणि गटाचं रजिस्टर अन् रोकड सांभाळणाऱ्या सचिवताईला आपला गट हेच कामाचं ठिकाण आहे. जिथं आपल्या कामावर कुणीतरी विसंबून आहे, आणि जिथून आपल्याला दोन पैसे किंवा मान मिळतो, ते कामाचं ठिकाण.

आता प्रश्न असा. एखादीला मनाचा आजार आहे. उदासीचा असेल, सततच्या भीतीचा असेल, भास होण्याचा असेल, नाहीतर कधी फार उत्साह अन् कधी पार अंधार असा असेल. डॉक्टरांची गोळी चालू आहे. तर तिनं हे कामाच्या ठिकाणी सांगावं का?

हा प्रश्न मला बैठकीत कुणीच विचारलेला नाही. पण बैठक संपल्यावर, चपला घालताना, मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला येताना, बऱ्याच जणींनी विचारला आहे. आवाज बारीक करून. म्हणून आज मीच तो मोठ्यानं विचारते.

दोघींची गोष्ट

दोन ताईंच्या गोष्टी सांगते. दोघींची परवानगी घेतली आहे. तरीही ओळख पटू नये म्हणून गाव, काम आणि घरची माहिती बदलली आहे. कुणी अंदाज बांधू नका.

पहिली ताई शाळेत स्वयंपाक करायची. बाळंतपणानंतर तिला उदासीचा आजार झाला. रडू यायचं, हातपाय गळाल्यासारखे व्हायचे, बाळाकडे बघावंसं वाटायचं नाही. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली. गुण येत होता, पण सकाळी डोळा उघडायचा नाही. शाळेत पोचायला अर्धा-पाऊण तास उशीर व्हायचा. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. मग लोकांनी आपापली कारणं लावली. कुणी म्हणालं आळशी आहे, कुणी म्हणालं काम टाळते. बोलणी बसायला लागली तशी तिनं लवकर जाग यावी म्हणून गोळीच बंद केली. स्वतःच्या मनानं, डॉक्टरांना न विचारता. तीन-चार आठवड्यांत आजार पहिल्यापेक्षा जोरात उलटला अन् कामही सुटलं.

दुसरी ताई गटाची सचिव होती. तिच्या हिशोबात कधी एक रुपयाचा फरक निघालेला नाही. तिला भास व्हायचे, उपचारानं ते थांबले होते. एका बैठकीत विषय निघाला आणि तिनं भरल्या मनानं सगळं सांगून टाकलं. सगळ्यांनी हळहळ केली. पुढच्या महिन्यात तिच्या हातातलं रजिस्टर दुसरीकडे गेलं. का? तर "तुला ताण नको म्हणून". तिला कुणी विचारलं नाही. हळूहळू बातमी गटाबाहेर गेली, तिच्या माहेरच्या गावाला पोचली, अन् लेकीच्या सोयरिकीच्या वेळी समोर आली.

म्हणजे बघा. एकीनं लपवलं, तिचं काम गेलं. एकीनं सगळं सांगितलं, तिचंही गेलं. त्यामुळे "बिनधास्त सांगा, लाजायचं काय त्यात" असं म्हणून मी मोकळी होणार नाही. आणि "कुणाला कळू देऊ नका" असंही म्हणणार नाही. 'सांगायचं की नाही' हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा आहे: कुणाला सांगायचं, किती सांगायचं आणि कशासाठी सांगायचं?

आपण लपवतो का?

आपल्या भागातल्या मोठ्या बायकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणपती विसर्जनाची रात्र होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं दगडमातीखाली गेली. माझा जन्म त्याच्या नंतरचा. पण मी ऐकत आले आहे की पुढं कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. ट्रक गेला तरी दचकून उठायचे. पत्र्याच्या शेडमध्ये राहतानाही दगडी भिंतीची भीती जात नव्हती.

ती भीती कुणी लपवली नाही. "मला झोप येत नाही" असं म्हणणाऱ्या बाईला कुणी वेडी म्हटलं नाही, कारण शेजारणीलाही झोप येत नव्हती. दुःख सगळ्यांचं होतं तोवर ते दुःख होतं. तीच भीती, तीच न येणारी झोप एकटीच्या वाट्याला आली की ती 'डोक्यात फरक', 'बाहेरचं', 'करणी' होते. आजार बदलत नाही, बघणाऱ्यांची नजर बदलते.

शुगरची गोळी आपण चारचौघींत खातो. "माझ्या चहात साखर नको" असं सांगतो. बीपीची गोळी विसरली तर शेजारीण आठवण करते. मनाच्या आजाराची गोळी मात्र पदराआड खाल्ली जाते.

आणि खेड्यात एक अडचण आणखी आहे. शहरातल्या कंपनीत बाईनं साहेबाला सांगितलं तर ते घरापर्यंत पोचेलच असं नाही. आपल्याकडे कामाचं ठिकाण आणि घर यांच्यात भिंतच नाही. जिच्या रानात कामाला जातो ती भावकीतली असते. मुकादम नवऱ्याच्या ओळखीचा असतो. गटातली मैत्रीण नणंदेची जाऊ असते. म्हणून आपण एकीला सांगतो तेव्हा ते किती कानांपर्यंत जाऊ शकतं, हे मोजूनच बोलावं लागतं. सांगायला कचरणारी बाई भित्री नसते. तिनं आपलं गाव नीट ओळखलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?

२०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे आपल्या मनाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहणं हा आपला हक्क आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक यांनी ती आपल्या परवानगीशिवाय कुणाला सांगायची नाही. जिवाला धोका असेल, दुसऱ्या डॉक्टरांना उपचारासाठी माहिती हवी असेल, कोर्टाचा आदेश असेल, अशा थोड्याच वेळी त्याला अपवाद आहे. म्हणजे मुख्याध्यापक, मुकादम किंवा गटाची अध्यक्ष दवाखान्यात जाऊन "हिला काय झालंय?" असं विचारू लागली, तर दवाखान्यानं सांगायचं नाही. याच कायद्यात असंही म्हटलं आहे की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक मिळाली पाहिजे.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व सांगितलं आहे आणि मानसिक आजार त्यात येतो. सरकारी नोकरीत असताना कुणाला दिव्यांगत्व आलं तर तेवढ्या कारणानं काढून टाकायचं नाही, खालच्या पदावर आणायचं नाही, असं कलम २० सांगतं. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं.

याचा उपयोग झालेला एक खटला सांगते. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला मनाचा आजार होता. त्यांच्या वागण्याबोलण्यावरून त्यांच्यावर खात्याची चौकशी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ डिसेंबर २०२१ ला निकाल लागला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ती चौकशी रद्द केली. आजारामुळे माणसाच्या हातून वेगळं वर्तन होऊ शकतं, निरोगी माणसांच्या तुलनेत त्याला शिक्षेचा धोका जास्त असतो, आणि हे न बघता त्याच्यावर कारवाई करणं हा भेदभाव आहे, असं न्यायालयानं म्हटलं. बंदूक हाती द्यायची नसेल तर देऊ नका, पण दुसरं काम द्या, पगार कमी करू नका, असा त्याचा अर्थ.

या निकालातून आपण एक गोष्ट उचलायची. त्यांच्याकडे आजाराचे कागद होते. म्हणून मी प्रत्येक ताईला सांगते, कामावर सांगा किंवा नका सांगू, पण दवाखान्याची चिठ्ठी, तारखा, गोळ्यांची नावं एका पिशवीत जपून ठेवा. ती पिशवी कुणाला दाखवायची नसेल तर दाखवू नका. पण कधी कामावरून वाद झालाच तर बोलायला कागद पाहिजे.

आता कडू भाग. कलम २० सरकारी नोकरीतल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. रोजंदारीनं काढणीला जाणाऱ्या बाईला, उचल घेऊन फडावर गेलेल्या बाईला त्याचा आधार मिळत नाही. मुकादमाला कलम वाचून दाखवून काम टिकणार नाही. आपल्यातल्या बहुतेकींचं काम कायद्यावर चालत नाही, ओळखीवर आणि भरवशावर चालतं. म्हणून आपला निर्णय आपल्यालाच हुशारीनं घ्यायचा आहे.

सांगण्याआधी स्वतःला चार प्रश्न

पहिला: मला नक्की काय हवं आहे? उशिरा यायची सवलत हवी? महिन्यातून एक दिवस दवाखान्याला सुट्टी हवी? रात्रपाळी नको? की नुसतं मन हलकं करायचं आहे? मन हलकं करायचं असेल तर त्यासाठी मुकादम किंवा साहेब हा माणूस नव्हे. त्यासाठी बहीण, मैत्रीण, समुपदेशक. कामावर सांगायचं ते कामापुरतं.

दुसरा: ते न सांगता मिळतं का? "महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मला धाराशिवला दवाखान्यात जावं लागतं" एवढ्यानं भागत असेल तर पुढं काही सांगायची गरज नाही. हे खोटंही नाही. अर्धी माहिती देणं म्हणजे फसवणूक नव्हे. आपलं सगळं शरीर आपण कुणाला सांगतो का? मग मन का सांगावं?

तिसरा: हा माणूस कसा आहे? तो दुसऱ्यांबद्दल आपल्यापाशी काय बोलतो ते आठवा. जी बाई दुसरीचं गुपित आपल्याला रंगवून सांगते, ती आपलंही तिसरीला सांगणार. जो साहेब दुसऱ्या बाईच्या आजारपणात नीट वागला, तो आपल्याशीही नीट वागण्याची शक्यता जास्त.

चौथा: मी आत्ता बरी आहे का? मन फार खचलेलं असताना, किंवा झोप नसताना आलेल्या उसन्या उत्साहात, मोठा निर्णय घेऊ नका. एकदा तोंडातून गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. न सांगितलेली मात्र उद्याही सांगता येते. चार दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

सांगायचं ठरलं तर कसं सांगायचं?

आजाराचं नाव सांगावं लागतंच असं नाही. कामावर होणारा परिणाम आणि त्यावरचा उपाय, एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिल्या ताईनं असं म्हटलं असतं तर? "सर, बाळंतपणानंतर माझी एक ट्रीटमेंट चालू आहे. रात्रीच्या गोळीमुळं सकाळी जाग यायला उशीर होतो. दोन महिने मी अर्ध्या तासानं येईन. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं दुसऱ्या ताई करतील, भांडी आणि झाडलोट मी एकटी करीन." यात आजाराचं नाव नाही, रडगाणं नाही, आणि समोरच्याला हो म्हणायला सोपं जावं असा उपाय आहे. आणि त्याचबरोबर डॉक्टरांना सांगायचं की सकाळी झोप उतरत नाही. बऱ्याचदा गोळीची वेळ किंवा प्रमाण बदलूनही प्रश्न सुटतो. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

एकटीला गाठून सांगा, चारचौघांत नको. सोबत भरवशाची एखादी बाई असली तर उत्तम. शेवटी एक वाक्य न विसरता म्हणा: "हे आपल्या दोघींतच राहू द्या." समोरचीला ते कळतच असेल असं धरून चालू नका. तोंडानं सांगा.

नोकरीचा फॉर्म भरताना आजाराबद्दल थेट प्रश्न असेल तर सही करून खोटं लिहू नका. तो फॉर्म तिथंच न भरता घरी आणा, कुणा जाणत्या माणसाला दाखवा, मग भरा.

काही वेळा सांगावंच लागतं

आजार आपला खासगी आहे हे खरं. पण जिवाला धोका असेल तिथं निदान एका माणसाला माहीत असलं पाहिजे.

गोळीनं गुंगी येत असेल तर मळणी यंत्रावर, कडबाकुट्टीवर हात घालायचं काम घेऊ नका. टोळीतल्या एकीला तरी सांगा, "मला गोळीनं झापड येते, मला भरणीचं काम देऊ नका, पोती शिवायचं द्या." आजाराचं नाव इथंही लागत नाही.

लिथियम नावाचं औषध चालू असेल तर उन्हातलं काम जपून. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं प्रमाण अंगात वाढतं अन् विषबाधा होऊ शकते. हात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं असं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर किंवा फडावर जाणाऱ्या ताईनं हे आधी डॉक्टरांना सांगावं, आणि सोबतच्या एकीला माहीत असू द्यावं.

जीव द्यावासा वाटत असेल तर ते कुणालाही सांगा, पण आजच सांगा. तिथं कुणाला, किती, हा हिशोब करत बसू नका. आणि मैत्रीण असं बोलली तर "कुणाला सांगू नको" हा शब्द पाळू नका. तिला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक हाताबाहेर ठेवा, दवाखान्यात न्या. गुपित जपण्याचा नियम जीव वाचवण्यापुढे मोडायचाच.

पहिल्यांदा बोलायचं कुठं?

कामावर सांगण्याआधी, घरात सांगण्याआधीही, एक दार आहे. टेली मानस. नंबर १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. "मला कामावर सांगायचंय, कसं सांगू?" हेसुद्धा तिथं विचारता येतं. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारावर उपचार होतात.

आपल्या आशाताई 'प्रेरणा प्रकल्पा'त घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबांना विचारतात, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. त्या ताईंना माझं आज मुद्दाम सांगणं आहे. तुम्ही गावाला विचारता, पण तुम्हाला कोण विचारतं? दुसऱ्याचं दुःख लिहून घेणाऱ्या बाईलाही दुःख होतं. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

आता ऐकणाऱ्यांबद्दल

आतापर्यंत जिला आजार आहे तिच्याशी बोलले. आता उरलेल्या सगळ्यांशी बोलते, कारण खरी अडचण आपल्यात आहे. सांगणारीनं कितीही हुशारीनं सांगितलं, पण ऐकणारीच्या तोंडाला झाकण नसेल तर काय उपयोग?

गटात कुणाचं किती कर्ज थकलंय हे आपण गटाबाहेर बोलत नाही. बोलायचं नसतं हे आपल्याला कुणी कायद्यानं नाही शिकवलं, आपण ते पाळून पाळून शिकलो. त्या भरवशावर आपले गट उभे आहेत. कर्ज पोटात ठेवता येतं, तर आजारपण का ठेवता येऊ नये?

कुणी सांगितलं तर तीन गोष्टी करा. आधी ऐकून घ्या, सल्ला नंतर. देवऋषी, उतारा, "मन घट्ट कर" हे तर नकोच. मग विचारा, "तुला माझ्याकडून काय हवंय?" आणि तिसरं, तिच्या कामाबद्दलचा निर्णय तिला सोडून करू नका. त्या सचिवताईकडून रजिस्टर काढून घेतलं ते वाईट मनानं नव्हे, मायेनंच. पण विचारल्याशिवाय केलेली मायासुद्धा माणसाला कमी करते. तिला विचारायला हवं होतं, "झेपतंय का? महिनाभर कुणी मदतीला देऊ का?" काम झेपतं की नाही हे हिशोब बघून ठरवा, आजाराचं नाव ऐकून नव्हे.

हे आपल्यासारख्या बायकांना जमतं का? जमतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं तो ४१ गावांत केला. तिथं डॉक्टर नेमले नाहीत. बचत गटातल्या बायका आणि शेतकरी मंडळातली माणसं यांनाच शिकवलं: दुःखात असलेलं माणूस ओळखायचं कसं, त्याचं ऐकायचं कसं, आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं. तीच कामं आपण रोज बांधावर बसून करतो. थोडं शिकून घेतलं तर जास्त चांगली करू.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. भूकंपानंतर घरं बांधायची वेळ आली तेव्हा गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर कसं बांधायचं, मदत कशी मिळवायची, हे त्यांनीच घरोघरी समजावलं. तोवर ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या इंजिनिअरशी बोलायला लागल्या. ज्या मातीतल्या बायकांनी गाव पुन्हा उभं करायला हात लावला, त्यांना एका मैत्रिणीचं गुपित सांभाळणं जड नाही.

पुढच्या बैठकीसाठी काम

भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या अन् गेलो, असं नको. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवावा. दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्याच्याखालीच हा विषय घ्या. कुणालाही "तुला आहे का आजार?" असं विचारायचं नाही. फक्त एक ठराव करायचा आणि इतिवृत्तात लिहायचा. ठरावाचा मसुदा मी देते, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

"आपल्या गटातल्या कोणत्याही सभासदाच्या आजाराची, मग तो शरीराचा असो की मनाचा, माहिती तिच्या परवानगीशिवाय गटाबाहेर जाणार नाही. केवळ आजार आहे म्हणून कुणाचंही पद, काम किंवा कर्जाचा क्रम काढला जाणार नाही. कामात बदल करायचा असेल तर आधी तिच्याशी बोललं जाईल. दवाखान्याच्या दिवशी आलेली गैरहजेरी दंडात धरली जाणार नाही."

चार ओळींचा ठराव आहे. त्याला खर्च नाही, वरून मंजुरी लागत नाही. पण असा ठराव वाचून दाखवला गेला की कोपऱ्यात बसलेल्या एखादीला, न बोलता, कळेल की इथं बोललं तर चालतं. ती त्या दिवशी काहीच बोलणार नाही कदाचित. वर्षभर बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. पण बोलायचं की नाही हे ती भीतीनं नाही, स्वतःच्या मर्जीनं ठरवेल.

ज्या ताईंना आजार आहे आणि ज्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यांना एवढंच सांगते. न सांगता गोळ्या घेत, घर आणि काम सांभाळत तुम्ही इथवर आलात, ही काही लहान गोष्ट नाही. सांगितलंत तरी तुमचा मान कमी होत नाही आणि न सांगितलंत तरी तुम्ही खोट्या ठरत नाही. निर्णय तुमचा. ऐकून पोटात ठेवायची जबाबदारी आमची.

ठराव झालेल्या गटांनी इतिवृत्ताची प्रत नोव्हेंबरच्या बैठकीला सोबत आणावी. आता उठा, ढग दाटायच्या आत रानात पोचा.